उभं राहायचा क्लास

माझ्या सासरी स्टूल नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा होतं, चांगलं भक्कम, सागवानी. महिनाभरात सासूबाईंनी ते शेजारी देऊन टाकलं. म्हणाल्या, आता काय करायचंय ठेवून? तेव्हापासून माळ्यावरचे डबे, पंख्यावरची धूळ, कोपऱ्यातली जळमटं, देवघरातला बल्ब, सगळं माझ्याकडे आलं. वाड्यात कुणाच्या घरी पडदे लावायचे असले तरी हाक यायची, "नंदाताई, दोन मिनिटं येता का?"

मी पाच फूट अकरा इंच आहे. लिहायला सोपं गेलं, तोंडाने म्हणायला मात्र मला अजून घाम फुटतो. कुणी विचारलंच तर मी "बरीच आहे" म्हणून विषय बदलत आले. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी शेवटी, वर्गात शेवटच्या बाकावर, आणि स्नेहसंमेलनातल्या नाटकात कायम द्वारपाल. हातात भाला द्यायचे आणि सांगायचे, तू फक्त उभी राहा. ते उभं राहणंसुद्धा मला धड जमायचं नाही, कारण समोरचे सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायचं. आणि बघतच असायचे, हेही खरं.

त्यात मला मिळालेले हे. दत्तप्रसाद. चप्पल घालून पाच फूट चार. कसब्यात तांबट आळीत आमचं दुकान आहे, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक मोठी खोली. तिथे हे जमिनीवर बसून दिवसभर तांब्याची भांडी ठोकतात. बंब, कळश्या, पातेली. हातोडीचे ते छोटे छोटे गोल ठसे असतात ना भांड्यांवर, त्याला आमच्यात मठार म्हणतात, आणि यांच्या हातचा मठार ओळखू येतो. माणूस मितभाषी. दिवसभर एवढा आवाज करतात, की संध्याकाळी बोलायला काही शिल्लक राहत नसावं.

लग्नाच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आम्ही दोघं कसबा गणपतीला निघालो होतो. बोळाच्या तोंडाशी कट्ट्यावर यांचे मित्र बसले होते. त्यातला एकजण ओरडला, "काय दत्ता, बायकोशी बोलायचं असलं की शिडी लावतोस का रे?" सगळे हसले. हेही हसले. पण मी बाजूने चालत होते, मला यांचे कान दिसले. लालभडक झाले होते.

त्या दिवसापासून मी वाकले.

वाकणं सोपं नसतं, बरं का. कुबड काढून चालणारी बाई लगेच डोळ्यांत भरते. ते कुणाच्या लक्षात न येता करावं लागतं. एक गुडघा जरासा मुडपायचा, कमरेचा भार एका बाजूला टाकायचा, खांदे पुढे घ्यायचे, मान थोडी पुढे काढायची आणि वर पदर घ्यायचा. म्हणजे माणूस नम्र दिसतो. फोटोच्या वेळी पटकन खुर्ची पकडायची. लग्नकार्यात यांच्या शेजारी उभं राहायची वेळ आली, की नेमकं मला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं. सासरी सगळे म्हणायचे, नंदा कामसू आहे.

मग गेल्या वर्षी मानेने सूड उगवला. आधी दुखायला लागली, मग उजव्या हाताला मुंग्या. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरवर काम करता का?" मी म्हटलं, "नाही." नवऱ्याशेजारी उभी राहते, असं सांगावंसं वाटलं, पण त्याला गोळी असते की नाही कोण जाणे.

"आई, तुझं पोश्चर टोटल हॉरिबल आहे," पूर्णिमा म्हणाली. ही माझी लेक. हिंजवडीला नोकरी करते, आणि दर दोन वाक्यांनी मला दुरुस्त करते. "मी तुझं नाव घालून आलेय. कौशल्याबाईंचा योगाचा क्लास. दुपारी असतो, फक्त बायकांचा. प्लीज, नाटकं नकोत."

क्लास आमच्याच पेठेत, एका जुन्या तालमीच्या माडीवर. खाली हौद्यातली लाल माती, वर बायका. कौशल्याबाई सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ, उंचीने माझ्या खांद्याच्याही खाली. शब्द असे जपून वापरायच्या, जणू रेशनवर मिळतायत.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "उभ्या राहा."

"उभीच आहे," मी म्हटलं.

"असं तुम्हाला वाटतंय."

त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा लागल्या, बैठक लागली, पाठ निम्मी लागली, आणि डोकं काही केल्या भिंतीला लागेना. चांगली वीतभर पोकळी. बाईंनी त्या पोकळीत हात घालून बघितला.

"इथे मध्ये कुणी उभं आहे का?" त्यांनी विचारलं.

बायका खिदळल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, पैसे मोजून अपमान करून घ्यायचा असेल तर पुण्यात दुकानं काय कमी आहेत! परत पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच घरी आले. पण रात्री कूस बदलताना मान पहिल्यांदाच ठणकली नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने गेले.

तिथे पहिले काही आठवडे मी फक्त उभं राहायला शिकले. या वयात! ताडासन म्हणतात त्याला. नावातच ताड, म्हणजे माझ्या नशिबी तेच. तळवे जमिनीत रुतवायचे, गुडघे वर खेचायचे, छाती उघडायची. छाती उघडायची म्हटलं की माझे हात आपोआप पदराकडे जायचे, आणि तिथे पदरच नसायचा, कारण पूर्णिमाने मला टी-शर्ट आणि पँट घ्यायला लावली होती. पँट पुरुषांच्या दुकानातून. बायकांची घोट्याच्या वर जायची. पहिल्यांदा त्या कपड्यांत तालमीचा जिना चढले तेव्हा अख्खी पेठ मागून चढतेय असं वाटलं. वर गेले तर शेजारच्या बाई आपल्या पोटाकडे बघत होत्या, त्यांच्या पलीकडची मुलगी आपल्या दंडांवरच्या डागांकडे. माझ्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती. मला हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू?

मग शवासन. मी आडवी झाले आणि सवयीने पाय पोटाशी घेतले. लग्नापासून आमच्या पलंगावर मी तशीच झोपते, नाहीतर पाय बाहेर जातात.

"पूर्ण पसरा," डोक्यावरून आवाज आला.

"सतरंजी पुरत नाही हो."

बाईंनी पायाशी दुसरी सतरंजी आणून टाकली. "पसरा. मी जागेचं वेगळं भाडं लावत नाही."

मी पसरले. हात, पाय, बोटं, सगळी. पाठीखाली जमीन एवढी मोठी असते हे मला माहीतच नव्हतं. मग बाई म्हणाल्या, श्वास घशाच्या खाली, गळपट्टीच्या हाडांपर्यंत जाऊ दे. मी घेतला आणि तो गेला. अशा ठिकाणी गेला जिथे इतकी वर्षं काही पोचलंच नव्हतं. मला हसू फुटलं. शवासनात हसणारी मी पहिलीच असेन. आधी आवरायचा प्रयत्न केला, मग पोट हलायला लागलं, मग डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बाईंनाही लागण झाली. कौशल्याबाई म्हणाल्या, "प्रेतांनी शांत राहावं," आणि मग तर सगळी माडीच हसत सुटली.

भिंतीला दोर होते. त्यात बसून उलटं लटकायचं. मी नाही म्हटलं, बाईंनी ऐकलं नाही. एकदा उलटी झाले आणि माझी वेणी जमिनीला टेकली. रांगेत आम्ही सहाजणी तशा लटकलेल्या, आणि सगळ्यांचे चेहरे लालबुंद. त्यात उंच कोण, बुटकी कोण, जाड कोण, काही कळत नव्हतं. मी त्या दिवशी घरी येताना चक्क गुणगुणत होते. मंडईतून भाजी घेतली आणि भाजीवालीशी भांडलेसुद्धा नाही.

एकदा बाईंनी मला ताडासनात डोळे मिटायला लावले. विचारलं, "आता किती उंच आहात?"

मी खरंच शोधलं. तळवे होते, श्वास होता, कानात ठोके होते. उंची कुठेच सापडली नाही. "कळत नाही," मी म्हटलं.

"मग डोळे उघडल्यावर कोण येऊन सांगतं?"

मला उत्तर येत होतं. एका बोळाच्या तोंडावरचे दोन लाल कान. पण ते सगळ्यांसमोर कसं सांगणार? "घरी जाऊन शोधा," बाई म्हणाल्या. "इथली वेळ संपली."

तर अशी मी सहा-सात महिन्यांत सरळ झाले. हाताच्या मुंग्या गेल्या. आणि एक दिवस क्लासहून दुकानात शिरताना चौकटीवर कपाळ असं आपटलं की कारखान्यातली ठोकाठोक थांबली. लग्नापासून त्या दारातून रोज ये-जा केली होती, कधी लागलं नव्हतं. हे धावत आले. मला ओट्यावर बसवलं, आणि नव्या कळशीचं गार बूड टेंगळावर धरून उभे राहिले. मी बसले, की हे माझ्याहून थोडे उंच होतात. खूप दिवसांनी मी यांच्याकडे खालून वर बघत होते. छान दिसतात.

"दार बदललं की तू बदललीस?" हे म्हणाले.

"माझीच चूक. बघून वाकायला हवं होतं."

हे कळशी उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर चौकटीच्या वरच्या लाकडाला कापूस भरलेली जाड पट्टी ठोकलेली. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय? हे सांगायचे, "आमच्या मंडळींसाठी." मला एकीकडे उकळ्या फुटत होत्या, आणि दुसरीकडे धास्ती वाटत होती, की आता सगळ्या आळीला माझी उंची नव्याने आठवणार, आणि पर्यायाने यांची. मी क्लासमध्ये सरळ, रस्त्यात सरळ, आणि यांच्या शेजारी आले की आपोआप अर्धी खाली. तेवढं काही सुटत नव्हतं.

त्यात यांना साठ पूर्ण झाली. आमच्याकडे साठीशांत दणक्यात करतात. होम, पूजा, आणि मग हौस म्हणून नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात. अंतरपाट, मंगलाष्टकं, हार, अक्षता, सगळं. मुलं-नातवंडं वऱ्हाडी. शालूवन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण, सगळी सूत्रं हातात घ्यायला आधीच येऊन राहिल्या. वन्सं मनाने वाईट नाहीत. फक्त मनात आलेलं मनात राहत नाही त्यांच्या.

मी माळ्यावरून पाट काढत होते. त्या खालून माझ्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी, तू वाढलीस की काय गं?"

"या वयात वाढतं का कुणी, वन्सं? योगासनं करते."

"हं." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नकोस. क्लासमध्ये हवी तशी उभी राहा. पण त्या दिवशी दादाच्या समोर... शेदोनशे माणूस येणार. व्हिडिओ काढणार. तुमच्या लग्नात त्याला दोन पाट दिले होते, तरी लोक महिनाभर हसत होते. आता गुडघ्यांमुळे त्याला पाटावर चढवत नाही. अंतरपाट त्याच्या मापाने धरणार, आणि तुझं डोकं वरून बाहेर! त्याचा दिवस आहे गं. त्याची शान राख."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण वन्सं तेच बोलत होत्या जे मी रोज स्वतःला सांगत होते. यांचा दिवस. आयुष्यभर मान खाली घालून भांडी ठोकलेल्या माणसाला एक दिवस मिरवायला मिळणार, आणि त्यात लोकांनी हसावं ते माझ्यामुळे? मी म्हटलं, "वाकेन, वन्सं. काळजी नको."

क्लासमध्ये कौशल्याबाईंना सांगितलं. वाटलं होतं, भडकतील.

"वाका की," त्या म्हणाल्या. "मान तुमची आहे. मी काय तिची मालकीण नाही. फक्त वाकाल तेव्हा श्वास कुठे अडकतो ते बघा, आणि मला येऊन सांगा."

साठीचा दिवस उजाडला. कार्यालयात सनई, अत्तर, नारळ, गोंधळ. पूर्णिमाने मला डाळिंबी पैठणी नेसवली, खास मोठ्या पन्ह्याची, घोटे झाकणारी. हे सोवळं आणि उपरणं घालून आले, कपाळाला गंध. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. पंचावन्नाव्या वर्षी नवरीला व्हावं तसं होत होतं, आणि ते लपवण्यात मला काही रस नव्हता.

आम्हाला समोरासमोर उभं केलं. मध्ये अंतरपाट. वन्संनी सांगितल्याप्रमाणे यांच्या मापाने धरलेला, आखूडसा, खालून जमिनीपर्यंत न पोचणारा. मी कबूल केल्यासारखा गुडघा मुडपला, खांदे पुढे घेतले, मान खाली. गुरुजींनी सूर लावला. मला लगेच कळलं श्वास कुठे अडकतो ते. बरोबर गळपट्टीच्या हाडांच्या खाली, जसं काही कुणी तिथे बूच लावलंय. क्लासमध्ये जाऊन सांगायला बरं झालं, असा विचारही केला.

मान खाली, म्हणून नजर खाली. अंतरपाटाच्या काठाखाली मला यांचे पाय दिसत होते. हे पाय मी कुठेही ओळखेन. भांडं तळव्यांत धरून धरून अंगठ्यांना घट्टे पडलेत. त्या पायांच्या टाचा जमिनीवर नव्हत्या.

मला वाटलं, पेटका आला. पहिलं मंगलाष्टक संपलं, दुसरं सुरू झालं, टाचा वरच. चवड्यांवर सगळा भार. बोटं पांढरी पडलेली, आणि पोटऱ्या थरथरतायत. साठ वर्षांचा माणूस, जिना उतरताना कठडा धरणारा, सकाळी उठल्यावर गुडघ्यांना तेल चोळणारा, माझ्यासमोर अंतरपाटाआड टाचा उंचावून उभा होता.

आधी मला संताप आला. असा संताप, की कानात सनई ऐकू येईना. कुणासाठी चाललंय हे? ती शेदोनशे माणसं श्रीखंड खाऊन घरी जाणार, आणि रात्री गुडघे कोणाचे सुजणार? मी इकडे मोडून घेतेय, हे तिकडे ताणून घेतायत. कुणी सांगितलं होतं दोघांना? आणि मग मला बाईंच्या सूचना आठवाव्याही लागल्या नाहीत. माझे तळवे आपले आपण जमिनीत रुतले, गुडघे सरळ झाले, छाती उघडली, आणि श्वास बूच उडवून वर गेला. मी उभी राहिले. पाच फूट अकरा इंच, वर अंबाडा आणि कपाळाला मुंडावळ्या.

अंतरपाटाचा काठ माझ्या हनुवटीखाली आला.

अक्षता टाकायला उचललेले हात हवेतच थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं. वन्सं पहिल्या रांगेतून डोळे वटारून खाली खाली अशी खूण करत होत्या. गुरुजींचा सूर मध्येच तुटला. "वहिनी, वधूने अजून बघायचं नसतं!"

मी बघत होते. हे वर बघत होते, माझ्याकडे. कपाळावर घामाचे थेंब.

"अहो," मी म्हटलं, "टाचा टेका आधी."

माईक चालू होता. सगळ्या कार्यालयाने ऐकलं.

यांनी मला विचारलं, "तू झालीस का सरळ?"

"झाले."

"पूर्ण?"

"आणखी नाही हो होता येत!"

"मग टेकतो," हे म्हणाले, आणि हळूच टाचा खाली सोडल्या. सोडताना असा सुस्कारा टाकला, की तोही माईकमधून सगळीकडे गेला.

मग जे हसू उसळलं ते मी जन्मभर विसरणार नाही. मी आयुष्यभर ज्या हसण्याला घाबरले तेच हे, असं मला आधी वाटलं. पण लगेच दिसलं, हे स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसतायत. मी यांच्या कानांकडे बघितलं. लाल होते, आणि कानांखालचा सगळा माणूस आनंदात होता. गुरुजी म्हणाले, "बघून झालंच आहे, तर आता शुभमंगल उरकून घेऊ," आणि अंतरपाट दूर झाला.

हाराची वेळ आली. मी यांच्या गळ्यात घातला, हात नुसता पुढे केला की झालं. यांनी हार उचलला, माझ्या डोक्याकडे बघितलं, अंदाज घेतला. माझी मान सवयीने खाली येऊ लागली.

"थांब," हे म्हणाले. "वाकायचं नाही."

आणि जत्रेत रिंग टाकतात तसा त्यांनी हार खालून वर भिरकावला. तो माझ्या अंबाड्यात अडकला, एक पदर नाकावर आला. पूर्णिमा "बाबा, वन मोअर!" म्हणून ओरडली. दुसऱ्या खेपेला हार बरोबर गळ्यात पडला, आणि सगळ्या कार्यालयाने टाळ्या पिटल्या. शालूवन्संच्या टाळ्या सर्वांत जोरात. रुमालाने डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "आमचा दादा लहानपणी गोट्यांत असाच नेम धरायचा." त्यानंतर आमचा फोटो काढला. मला कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. मी ती वन्संना दिली आणि यांच्या शेजारी उभी राहिले.

मग पंगत. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, चांदीच्या ताटांभोवती रांगोळी. बसल्यावर आमच्यात फारसा फरक राहत नाही. यांनी सोवळ्याखालून पाय लांब केले होते आणि एका हाताने गुडघा दाबत होते.

मी हळू आवाजात विचारलं, "कधीपासून करताय हे? टाचांचं?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या शेजारी उभं राहायचं असलं, की." यांनी भाताची मूद मोडली. "सवय झालीय. आता कळतही नाही."

"अहो पण कशाला? मी वाकत होतेच की."

"म्हणून तर," हे म्हणाले. "तुला तेवढं कमी वाकायला लागावं."

एवढंच बोलून ते वरण कालवायला लागले. माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं मी एक गुडघा मुडपून उभी होते आणि माझ्या शेजारी हा माणूस चवड्यांवर, आणि दोघांनी एकमेकांच्या पायांकडे कधी बघितलं नव्हतं. मला त्यांना त्या भरल्या पंगतीत मिठी मारावीशी वाटली. कसब्यात अजून तेवढी पद्धत नाही, म्हणून मी ताटाआडून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबत राहिले.

शालूवन्सं श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढत आल्या. माझ्यासमोर थांबल्या.

"वहिनी, रडतेस की काय गं?"

"हो," मी म्हटलं. "वाढा तुम्ही. भरपूर वाढा."